मूळ पाठ आणि सुटे भाग

अमेरिकेतील 'मसल कार' हा मराठीच्या अध्यापकांचा विषय नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. तरीही त्या जुन्या गाड्यांसाठी आज बनणारे नवे सुटे भाग पाहताना आम्हांला आमचा पाठचिकित्सेचा वर्गच आठवतो.

१९६४ ची पॉन्टियाक जीटीओ घ्या. ६.४ लिटरचे व्ही-८ इंजिन, ३२५ अश्वशक्ती. आणि एवढा वेग आवरायला चारही चाकांना ड्रम ब्रेक! आज तिला डिस्क ब्रेक बसवता येतात. कार्बोरेटरच्या जागी संगणकाच्या ताब्यातील इंधन-फवारणी येते. सायलेन्सरच्या नळीतला सेन्सर ऑक्सिजन मोजतो आणि पेट्रोलचे प्रमाण आपोआप जुळते. यावरून शौकिनांत दोन तट आहेत. एकाला मूळ क्रमांकाचेच इंजिन हवे. बाजारात किंमतही त्यालाच अधिक. दुसऱ्याला गाडी रस्त्यावर धावती हवी.

एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. त्या परंपरेचे धडे देणाऱ्या आमचा कल पहिल्या तटाकडे असायला हवा. तो नाही. पाठ बिघडला म्हणून वाचकाचा जीव जात नाही. ब्रेकचे तसे नाही. शिवाय यांतले पुष्कळ भाग जुन्याच भोकांत, बोल्टांनी बसतात. पत्रा कापावा लागत नाही. आमचे मागणे एवढेच, की काढलेला कार्बोरेटर भंगारात न देता फडताळात जपावा. संपादकही नाकारलेला पाठ तळटीपेत ठेवतोच की!