एजंटकाकांची वही

डोंबिवली पूर्वेला, झेरॉक्सच्या दुकानाशेजारी एका एजंटकाकांचं टेबल असायचं. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला वडील घर शोधत होते, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर जायचो. पहिल्या भेटीत काकांनी एकही फ्लॅट दाखवला नाही. हाताशी किती आहेत, कर्ज ऑफिसातून मिळणार की बाहेरून, आजी किती जिने चढू शकतात, सकाळी कितीची लोकल पकडता, एवढं विचारून घेतलं.

मग पुठ्ठ्याची लांबट वही उघडली. इमारतीच्या नावापुढे पाणी किती वाजता येतं, गच्ची कुठे गळते, सोसायटी नोंदली की कारभार अजून बिल्डरच्याच हातात, अशा बारीक नोंदी. एका फ्लॅटपुढे पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘शेअर सर्टिफिकेट बँकेत’. मालकाचं कर्ज फिटलं नव्हतं. “हा तुम्हाला दाखवत नाही,” काका म्हणाले, “आवडला तर पंचाईत होईल.”

तेव्हा सगळेच असे होते असं नाही. बिल्टअपच्या नावाखाली जिन्याचे, भिंतीचेही पैसे लावणारे होतेच. पण चांगला एजंट गिऱ्हाईक न्यायच्या आधी स्वतः घर बघून यायचा, कागद वाचायचा आणि मगच दोन टक्के मागायचा.

अलीकडे भाचीने त्याच डोंबिवलीत घर घेतलं. बँकेचं मंजुरीपत्र हातात, निर्णय पक्का. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून तिने इंडेक्स टू, म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीचा उतारासुद्धा काढून ठेवला होता. फ्लॅट दाखवायला आलेल्या तरुण एजंटाकडे किल्ली नव्हती. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र आहे का, विचारलं, तर “मॅडम, सगळं क्लिअर आहे, लोन होतं.” इंडेक्स टूवर दोन मालकांची नावं होती, त्याला एकच ठाऊक. दुसरं नाव मालकाच्या परदेशी राहणाऱ्या बहिणीचं निघालं. तिचा शोध, कुलमुखत्यारपत्र, सोसायटीची एनओसी हे सगळं भाचीनेच निस्तरलं. दरम्यान त्याच फ्लॅटसाठी वेगवेगळे भाव सांगणारे इतर एजंटांचे फोन सुरूच होते. त्या मुलाचा मला राग नाही आला. त्याच्या हाती फक्त फोन नंबरांची यादी दिलेली. घर कसं बघायचं, हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही. पण आयुष्याची पुंजी घेऊन आलेल्या माणसासमोर त्याला असं उभं करणं चूकच आहे.

काकांच्या काळात एजंटांसाठी कायदाच नव्हता. १ मे २०१७ पासून स्थावर मालमत्ता नियमनाचा रेरा कायदा लागू झाला, एजंटांना नोंदणी आली, २०२३ मध्ये प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची झाली. हे फार चांगलं झालं. मात्र हे बंधन रेरात नोंदलेल्या प्रकल्पांपुरतं. जुन्या सोसायटीतला फ्लॅट विकून देणाऱ्याला ते लागू नाही.

आणि नोंदणी क्रमांक दिसला म्हणून काम संपतं, असंही नाही. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींच्या बिल्डरांनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेरा नोंदणी मिळवल्याचं उघड झालं आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचा आदेश दिला. तिथे घर घेणाऱ्यांनी कर्जं काढली होती, संसार मांडले होते. अशा ठिकाणी गिऱ्हाईक नेण्याआधी महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन बांधकाम परवानगीचा क्रमांक खरा आहे का, एवढं एजंटाने विचारून यायलाच हवं. दलाली त्या खेपेची असते.