खरं वाटेना

खोटं बोलणाऱ्या माणसाचा आवाज मला लहानपणी फार आवडायचा. मुलुंड पूर्वेच्या संभाजी मैदानात निवडणुकीची सभा असली की अण्णांचं बोट धरून मी निघायची. हातात शेंगदाण्याची पुडी, वर बांबूंना बांधलेले हॅलोजन, त्यांच्याभोवती किड्यांचं पिवळं धुकं, आणि त्या उजेडात एक भरदार, किंचित घोगरा, मायेनं ओथंबलेला आवाज सांगत असायचा की हा कचरा जाईल, ते पाणी येईल, तो पूल होईल. आणि प्रत्येक वाक्यानंतर तो असा काही थांबायचा की त्या रिकाम्या क्षणात आम्हाला तो पूल खरोखरच दिसायचा, त्यावरून वाऱ्याला तोंड देत जाणारी आमची सायकलसुद्धा. भाषण संपलं की अण्णा पँटची माती झटकत उठायचे आणि म्हणायचे, "छान बोलला. थापा मारतो, पण छान बोलला."

रागावलेले नसायचे ते.

घरी परतताना वास सुरू व्हायचा. डम्पिंगचा. हिवाळ्यात खाडीकडून वारा सुटला की मिठागरांवरचा खारट गारवा आधी यायचा, अगदी अंगावर घ्यावासा वाटणारा, आणि त्याच्या मागोमाग, त्याचाच पदर धरून आल्यासारखा तो आंबूस, जळका, गोडसर दर्प. मग आई दोरीवरचे कपडे ओढून आत घ्यायची, खिडक्या लावायची, उदबत्ती पेटवायची, आणि थोड्या वेळानं उदबत्तीलाही तोच वास यायला लागायचा. १९६७ पासून शहराचा कचरा इथे येऊन पडत होता. चोवीस हेक्टरांवर एक डोंगर वाढत होता आणि आम्ही त्याच्या बरोबरीनं वाढत होतो. डम्पिंग हटवू, हे वाक्य मी फ्रॉकमध्ये ऐकलं, कॉलेजात ऐकलं, लग्नानंतर माहेरपणाला आले तेव्हाही ऐकलं. वक्ते बदलले, चाल तीच. ते बंद झालं २०१८ च्या ऑक्टोबरात. कचरा येणं थांबलं, पण आधीचा सुमारे सत्तर लाख टन तिथेच होता. तो उपसून, चाळून जमीन मोकळी करायला सहा वर्षांची मुदत ठरली. मुदत उलटली तेव्हाही डोंगर होताच.

आमची इमारत ऐंशीच्या सुरुवातीची. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं, आणि सिमेंटचं पोतं हे आमच्या घरातल्या गप्पांतलं एक पात्रच होतं. मुख्यमंत्री अंतुले यांच्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानाला बिल्डरांनी दिलेल्या देणग्या आणि त्याच बिल्डरांना मिळालेलं सिमेंट यांचा एकमेकांशी काय संबंध, असा प्रश्न घेऊन मृणाल गोरे, पी. बी. सामंत ही मंडळी उच्च न्यायालयात गेली होती. १२ जानेवारी १९८२ ला न्यायमूर्ती लेंटिन यांनी तो संबंध आहे असं म्हटलं आणि मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. अण्णांनी ती बातमी छापलेलं वर्तमानपत्र घडी घालून कपाटात ठेवलं होतं, जन्मपत्रिका ठेवतात त्या कप्प्यात. पुढे खटला वर्षानुवर्षं चालत राहिला, शिक्षा काही झाली नाही, अंतुले केंद्रात मंत्रीही झाले. तो कागद मात्र कपाटात पिवळा पडत गेला. दर पावसाळ्यात आमच्या बाहेरच्या भिंतीचा पोपडा सुटायचा. अण्णा त्यावर बोटाची गाठ आपटून बघायचे, पोकळ वाजलं की आईला हाक मारून सांगायचे, "अगं, यात सिमेंट कमी, प्रतिभाच जास्त."

आम्ही हसायचो. पोट धरून हसायचो. आता वाटतं, त्या हसण्यातच काहीतरी हातचं सुटत होतं.

अण्णांची नोकरी पश्चिमेला, आग्रा रोडवरच्या कारखान्यात. रस्त्याला लालबहादूर शास्त्रींचं नाव लागलं तरी त्यांच्या तोंडी तो आग्रा रोडच राहिला. शास्त्रींबद्दल मात्र ते हळवे होते. १९५६ च्या नोव्हेंबरात तमिळ मुलखात अरियलूरला गाडी नदीत कोसळली, दीडशेच्या आसपास माणसं गेली, आणि रेल्वेमंत्री म्हणून शास्त्रींनी राजीनामा दिला. त्याच वर्षी, त्याआधी काही महिने, आपल्या चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं होतं. अण्णा तेव्हा शाळेत होते. दोन राजीनामे एका वर्षात पाहिलेलं पोर, त्याला पुढे कुठलीच खुर्ची फार मोठी वाटली नसेल. पण मला या आठवणींचाही थोडा संशय येतो. छप्पन्न सालीही थापाडे कमी नसणार. आपण त्यांतली दोन नावं तेवढी निवडून, पुसून, देव्हाऱ्यात ठेवली. आणि मग त्यांतल्याच एकाच्या नावाच्या रस्त्यावर, मुलुंड संपतं तिथे, टोलनाका उभा केला.

एक तारीख माझ्या मनात नेहमी दुहेरी उगवते. १३ मार्च २००३. त्या संध्याकाळी कर्जतकडे निघालेली गाडी मुलुंड स्टेशनात शिरत असताना महिलांच्या डब्यात स्फोट झाला. कामावरून परतणाऱ्या बायका. पर्समध्ये निवडून ठेवलेली भाजी, उद्याच्या डब्याचा विचार, हातात हुक आणि अर्धवट विणलेलं काहीतरी. नंतर कितीतरी महिने त्या डब्याच्या जागी फलाटावर उभं राहिलं की माझ्या पोटऱ्या ताठ व्हायच्या. त्याच दिवशी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिला होता: उमेदवारावर कुठले गुन्हे दाखल आहेत, त्याच्याकडे काय मालमत्ता आहे, हे जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. हे मला फार उशिरा कळलं, तारखा चाळताना, योगायोगानं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी त्या दिवसाचा विचार आला की मला एकाच संध्याकाळच्या उजेडात दोन्ही दिसतं: फलाटावर कुणाकुणाची नावं विचारत फिरणारी माणसं, आणि तिकडे दूर एका थंड दालनात कुणीतरी शांतपणे वाचून दाखवतंय की सामान्य माणसाला माहीत असायला हवं.

टोलबद्दल सांगायचं राहिलंच.

शहरातले उड्डाणपूल बांधले त्याचे पैसे वसूल करायचे म्हणून मुंबईच्या पाच वेशींवर नाके बसले. त्यांतले दोन आमच्या वाट्याला, एक एलबीएसवर, म्हणजे त्याच आग्रा रोडवर, दुसरा पूर्व द्रुतगती मार्गावर आनंदनगरला. ठाण्याला मावशीकडे जायचं तर टोल, ठाण्याहून मावशी आली तरी टोल. नाक्यापलीकडच्या हरिओम नगरवाल्यांना तर मुलुंडमधून मुलुंडमध्ये यायलाच टोल. तो जाईल असं आम्हाला इतक्यांदा इतक्या जणांनी सांगितलं की पुढे पुढे ते ऐकू येईनासं झालं, रात्री रुळांवरून जाणाऱ्या मालगाडीचा आवाज इथल्या लोकांना ऐकू येत नाही तसं. २०२३ च्या ऑक्टोबरात तर चाळिसाचे पंचेचाळीस झाले.

आणि मग १४ ऑक्टोबर २०२४ ला मंत्रिमंडळानं ठरवलं, मध्यरात्रीपासून छोट्या गाड्यांना टोल नाही. दुसऱ्याच दिवशी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. सकाळी मावसभावाचा फोन. "टोल गेला म्हणे."

"किती दिवसांसाठी?" मी विचारलं.

त्यानंतर घरात, जिन्यात, भाजीवाल्याकडे, जो भेटेल तो हेच विचारत होता. किती दिवस? निवडणुकीपुरतंच ना? दुसरीकडून काढतील बघा. आठवडाभरानं आम्ही ठाण्याला निघालो तेव्हा नाक्यापाशी गाडीचा वेग आपोआप मंदावला, यांचा हात सवयीनं सुट्ट्या पैशांकडे गेला, खिडकीतल्या रिकाम्या खोक्याकडे आम्ही दोघांनी पाहिलं, कुणी थांबवलं नाही, आणि आम्ही पलीकडे गेलो. ज्यासाठी वर्षानुवर्षं चिडचिड केली, ते घडलं होतं. मी आनंदाची वाट पाहत होते. कापूरबावडीपर्यंत वाट पाहिली. तो आलाच नाही.

खोटं ऐकून आपण फसतो, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या कानाला आता खऱ्याचीच चव लागत नाही, हे त्या रस्त्यावर कळलं, आणि त्याचा मला जितका राग आला तितका कुठल्याच भाषणाचा आला नव्हता. पंचेचाळीस रुपये त्यांनी परत केले असतील. हे कोण परत करणार?

वीस नोव्हेंबरच्या मतदानाआधी भाची राहायला आली होती. पहिलंच मत. ती सभेला जात नाही, भाषणं ऐकत नाही. रिल्समध्ये आवाज बंद करून पुढाऱ्यांचे नुसते हात बघते आणि खुदखुदते. एका रात्री सोफ्यावर पाय घेऊन ती फोनवर उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं वाचत बसली होती, आपल्या मतदारसंघाची वाचून झाली म्हणून भलत्याच जिल्ह्यांची. स्टॅम्पपेपर, नोटरीचा गोल शिक्का, प्रत्येक पानाच्या कडेला तिरकी सही. जंगम मालमत्ता, स्थावर मालमत्ता, दायित्वं, प्रलंबित खटले. मी भांडी आवरत होते.

"मावशी, या माणसाकडे गाडीच नाही."

"असतं एकेकाचं साधं राहणं."

"शेतजमीन आहे, सोनं आहे, दोन फ्लॅट आहेत. गाडी नाही."

"बायकोच्या नावावर असेल."

"बायकोचा रकाना शेजारीच आहे. तिथेही 'निरंक'." तिनं फोन माझ्या नाकापुढे धरला. मी ओल्या हातानं चष्मा वर केला. खरंच निरंक होतं, सुबक टाइप केलेलं. मला अण्णांचं हसू येऊ घातलं, तेच, भिंतीवर बोट वाजवणारं, आणि मी म्हणून गेले, "मग मित्रांच्या गाडीतून फिरत असेल बिचारा."

ती हसली नाही.

"कुठले मित्र?" तिनं विचारलं, आणि परत पहिल्या पानावर जाऊन एकेक ओळ बोटानं खाली सरकवायला लागली. "त्यांची नावं कुठल्या रकान्यात लिहितात?"