माजलगावचे शेजघर

कल्याणहून निघालेला एक मोठा रस्ता माळशेज घाट चढून नगरवरून पुढे येतो आणि माजलगाव, पाथरी, परभणी, नांदेड अशी गावे घेत थेट तेलंगणातल्या निर्मलला जाऊन पोचतो. या रस्त्याने जाणारे पुष्कळ लोक माजलगावला चहा पितात आणि पुढे जातात. पाहण्यासारखे इथे काय आहे, असे विचारले तर गावकरी धरणाकडे बोट दाखवतो. सिंदफणेवरचे हे धरण म्हणजे जायकवाडी प्रकल्पाचा दुसरा टप्पा. पैठणचे पाणी उजव्या कालव्याने इथवर आणण्याची सोय त्यात आहे. पाण्यावर ऊस आला, उसापाठोपाठ साखर कारखाने आले, आणि पैसा हाती खेळू लागल्यावर सिमेंटची घरे आली. मराठीच्या अध्यापकाला मात्र माजलगाव तालुका आठवतो तो गोदाकाठच्या पुरुषोत्तमपुरीमुळे. रामचंद्रदेव यादवाचा शके १२३२ चा, म्हणजे इ. स. १३१० चा, ताम्रपट त्या गावी मिळाला. अधिक मासात तिथल्या पुरुषोत्तमाच्या देवळात मोठी गर्दी लोटते.

मी गेलो तोही अधिक मासातच, २०२३ सालच्या अधिक श्रावणात. धाकटी बहीण माजलगावला दिलेली. आईने दाजींसाठी दिलेले अनारशांचे वाण पोचवायचे, पुरुषोत्तमपुरीला जाऊन यायचे आणि परतायचे, असा बेत होता. पण तिकडे घराच्या जोत्याचे काम चालू होते. वाणाचे तबक अजून हातातच, तोवर दाजींनी नकाशाची गुंडाळी पुढे केली. "तुम्ही शिकलेले माणूस. जरा बघा."

नकाशात सगळ्यांत मोठ्या चौकटीवर इंग्रजी अक्षरांत 'मास्टर बेडरूम' असे लिहिले होते. बारा फूट बाय चौदा फूट.

या शब्दाची मला मोठी मौज वाटली. आपल्या भाषेत 'शेजघर' असा सुरेख शब्द आहे. पण तो वापरण्याची पाळी किती घरांवर आली? देवांना मात्र शेज होती. पंढरपुरात रोज रात्री विठोबाची शेजारती होते. तुळजापूरच्या भवानीचा थाट तर याहून मोठा. तिच्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावाहून दर वर्षी नवा पलंग निघतो आणि जुन्नर, नगर अशी वाट चालत, माणसांच्या खांद्यावरून, तुळजापूरला येतो. दसऱ्याचे सीमोल्लंघन झाले की देवी त्या पलंगावर निजते, ती कोजागरीपर्यंत. महिषासुराशी लढून दमलेल्या बाईला पाच दिवस कोणी उठवायचे नाही, हा त्यातला भाव. त्या देवीच्या मुलुखातल्या घरधनिणीला मात्र आपली म्हणून एक रात्रीची जागा मिळणे कठीण होते.

बहिणीचे जुने घर मी पुष्कळदा पाहिलेले. पांढऱ्या मातीच्या, दीड-दोन हात जाडीच्या भिंती. वर माळवद: तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर पाला आणि त्यावर हात-दीड हात मातीचा थर. उजेडासाठी छताला साणे. पुढे ढाळज, मग ओसरी, मग माजघर. भिंतीत दिवळ्या, कोनाडे, खुंट्या. वैशाखात बाहेर अंगाची लाही होत असताना माजघरात गेले की रांजणात उतरल्यासारखे गार वाटे. जाड माती दिवसाचे ऊन आत पोचूच देत नाही. हा गुण त्या घराचा कोणीही कबूल करील. पण त्या घरात निजायची खोली नव्हती. निजणे ऋतूप्रमाणे आणि मानाप्रमाणे फिरायचे. उन्हाळ्यात पुरुष अंगणात, पोरे माळवदावर, बायका ओसरीवर. पावसाळ्यात सगळे आत. नवराबायकोसाठी माजघराच्या कोपऱ्यात दोन लोखंडी ट्रंका एकावर एक ठेवून, दोरीवर जुने लुगडे टाकून आडोसा केलेला असे. माझ्या बहिणीने २००१ सालापासून त्या लुगड्यामागे बावीस वर्षे काढली. दोन बाळंतपणे, एक मोठे दुखणे, सगळे त्याच्यामागे.

नकाशा पाहताना मी तिला सहज विचारले, "तुला कशी खोली हवी गं?"

तिने चहाचा कप पुढे ठेवला. "कशीबी चालंल दादा. फक्त आतून कडी पाहिजे."

मग ती उठून आत गेली. दाजी नकाशाकडे पाहत बसले.

एवढ्याशा वाक्याने नकाशा वाचण्याची माझी दृष्टी बदलली, हे खरे. तोवर सगळी चर्चा चालली होती ती दुसऱ्याच गोष्टींची. भाचा पुण्यात शिकतो. त्याने मोबाइलवर चित्रे काढून दाखवली. छताखाली आणखी एक प्लास्टरचे छत, त्यात लपवलेले निळे दिवे, पलंगामागे मखमलीची भिंत. दहा फूट उंचीच्या खोलीत खोटे छत टाकले की पंखा माणसाच्या डोक्याशी येतो आणि हवेला कोंडायला जागा मिळते, हे त्याला पटवायला अर्धा दिवस गेला. मखमलीबद्दल मी बोललोच नाही. फाल्गुनापासून इथे जी धूळ उडते ती पाहिल्यावर ते काम आपोआप झाले.

खरी अडचण दिशेची होती. वास्तुशास्त्राप्रमाणे घरधन्याची खोली नैर्ऋत्येला हवी, म्हणून ती तिथे काढली होती. शास्त्राशी माझे भांडण नाही. पण माजलगाव साधारण एकोणीस अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यास दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, आणि पुढे मावळेपर्यंत पश्चिमेची भिंत भाजून काढतो. नऊ इंची विटांची भिंत आणि पाच इंची स्लॅब ही दिवसभर ऊन पितात आणि रात्री, नेमकी माणूस निजायला आला की, ते खोलीत ओततात. जुने माळवद याच्या उलट वागत असे. म्हणजे घरात सगळ्यांत मोठ्या मानाची खोली ती सगळ्यांत मोठी भट्टी होणार.

दाजींना दिशा सोडवेना. तेव्हा तोड निघाली ती अशी. खोली नैर्ऋत्येलाच राहिली, पण नकाशात पुढच्या बाजूला असलेला जिना उचलून तिच्या पश्चिमेला नेला. ऊन आता जिन्याच्या भिंतीने खायचे. मधल्या भिंतीला खोलीच्या बाजूने दोन फूट खोलीचे कपड्यांचे कपाट घेतले. राहिलेली धग लुगड्या-धोतरांनी सोसावी. दक्षिणेची खिडकी मोठी, तिच्यावर अडीच फुटांचा छज्जा, आणि तिची बैठक जमिनीपासून दीडच फुटावर. खिडक्या तीन फुटांवर ठेवण्याची गवंड्यांची रीत उभ्या माणसासाठी ठीक आहे. निजलेल्या माणसाच्या अंगावरून वारा जायचा तर खिडकी खालीच हवी.

आता वारा आत आला तरी बाहेर जायला वाट पाहिजे. मी दारावर जाळी सुचवली. बहीण पहिल्यांदाच ठासून बोलली, "दारावर भोक नगं." बरोबरच होते. ज्या दाराला कडी हवी त्याच्यावर जाळी ठेवून आतले बोलणे ओसरीवर ऐकू जाणार असेल तर कडीचा उपयोग काय? म्हणून ती जाळी कपाटाच्या वर, छताला लागून, जिन्यात काढली. जिन्याची खोली गच्चीवर उघडते; गरम हवा तिकडून वर निघून जाते. "म्हणजे साणंच की हे!" गवंडी म्हणाला. त्याला जे एका शब्दात सांगता आले ते मला कागदावर बाण काढून सांगावे लागले होते.

पलंग कुठे, हे बाकी सोपे होते. सहा बाय साडेसहाचा पलंग उत्तरेकडच्या भिंतीला लावला तर डोके उत्तरेला येते आणि ते घरात कोणालाच चालणार नव्हते. म्हणून उशाकडची बाजू पूर्वेच्या भिंतीला, दोन्ही अंगांनी अडीच-अडीच फूट वाट, दार उघडताच पलंग समोर दिसू नये म्हणून दार उत्तरेच्या भिंतीत कपाटाच्या कोपऱ्याशी. दिव्याचे बटण उशाशी. भिंतींना पांढरा रंग, किंचित निळीची झाक. एक दिवळी बहिणीने हट्टाने मागून घेतली. तिथे आता चष्मा आणि गोळ्यांची डबी असते. पायांवर उभा, खालून केरसुणी फिरेल असा पलंग घ्यावा असे माझे मत होते. दाजींनी पेटीचा घेतला. वाकळा ठेवायला जागा होते, हे त्यांचे म्हणणे आणि पैसे त्यांचे.

उरला प्रश्न सासूबाईंचा. सगळ्यांत गार खोली ईशान्येची. ती त्यांना द्यावी असे मीही म्हटले. पण म्हातारी ऐकेना. "मला खोली नगं. माझी बाज भाईर ऱ्हाऊ द्या. येणारा-जाणारा दिसला म्हंजे जीव रमतो." मुलाला वाटे आई मन मोठे करते आहे. सुनेला वाटे आपल्या दारावर लक्ष ठेवण्यासाठी हे चालले आहे. दिवसा दार लावणारी सून या घराने पाहिलेली नव्हती.

संध्याकाळी मी त्यांच्या बाजेशी बसलो असताना बोलणे किल्लारीवर आले. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती बोळवून लोक निजलेले, पहाटे चारच्या सुमारास धरणी हलली. लातूर-उस्मानाबादकडच्या गावांत जाड दगडी भिंती आणि मातीची माळवदे निजलेल्या माणसांवर कोसळली. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. जे माळवद उन्हापासून राखत होते, त्याच मातीचे ओझे उरावर आले. माजलगाव वाचले. पण सासूबाईंच्या माहेरची माणसे तिकडे होती. त्या रात्रीपासून त्या छताखाली धड निजलेल्या नाहीत. पाऊस असो, थंडी असो, बाज ओसरीच्या कडेला. तीस वर्षांत हे त्यांना कोणी विचारले नव्हते आणि त्यांनी सांगितले नव्हते.

नव्या घराला कोपऱ्याकोपऱ्यांत लोखंडी सळयांचे खांब आहेत, दारांच्या वरून सगळीकडे पट्टा फिरवला आहे, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. "असंल बाबा," म्हणाल्या. शेवटी पुढची ओसरी चार फुटांऐवजी सात फूट रुंद धरली, आणि हे फूट दाजींनी बैठकीच्या खोलीतून काढून दिले. तिच्यावर सिमेंटचे छत नाही, पत्रा आहे. तो तापतो, पण माणूस मारण्याइतका जड नाही, हे म्हातारीला कळते.

२०२४ च्या मे महिन्यात मी पुन्हा गेलो. गच्चीला चुन्याचे दोन हात दिले होते. दुपारी जिन्याच्या भिंतीला हात लावला तर चटका बसला, कपाटाच्या आतल्या भिंतीला लावला तर कोमट. रात्री अकरानंतर खोली निजण्याजोगी होते, असे दाजी म्हणाले. बहीण म्हणाली, साडेअकरा.

सासूबाईंची एकच तक्रार होती. कडी लावल्यावर रात्री हाक ऐकू कशी जाणार? म्हणून बाजेच्या पायाशी घंटीचे बटण बसवले, आणि घंटी शेजघरात. ती लागते का, हे त्यांनी पहिल्याच रात्री तीन वाजता वाजवून पाहिले. बहीण कडी काढून धावत बाहेर आली. "काय झालं आत्या?"

"काई नाही," म्हातारी म्हणाली. "जा, लाव कडी."