लिहिलेले आणि वाचलेले

संगणकाची स्मृती दोन प्रकारची असते, हे वीज गेल्यावर विशेष जाणवते. भोकरदन तालुक्यातील राजूर हे महागणपतीमुळे प्रसिद्ध असलेले गाव. तेथील आमच्या घरी एक जुना संगणक आहे. त्यावर लिनक्स चालते आणि माझे बहुतेक लेखन त्यावरच होते. रॅम तुटपुंजी असल्याने त्यातील माहिती वारंवार डिस्कवर हलवली जाते व यंत्र मंदावते. हे हलवणे कितपत व्हावे, ते लिनक्सच्या गाभ्यातील, म्हणजे कर्नेलमधील, 'स्वॉपिनेस' नावाचे मूल्य ठरवते. ते मुळात ६० असते. 'सिस्‌सीटीएल' ही आज्ञा देऊन ते १० केले की बदल तत्क्षणी लागू होतो. परंतु तो केवळ चालत्या कर्नेलच्या स्मृतीत असतो. '/प्रॉक/सिस'खाली दिसणाऱ्या फायली डिस्कवर नसतातच. ते कर्नेलने विचारल्यावर दिलेले तोंडी उत्तर असते. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाले की उत्तर पुन्हा ६०.

बदल टिकवायचा तर '/इटीसी/सिस्‌सीटीएल.डी' या फोल्डरात, नावाअखेर '.कॉन्फ' असलेल्या फायलीत तो एका ओळीत लिहावा लागतो. मात्र या ओळीमुळे कर्नेलला आठवण राहते, असे नव्हे. ते दर वेळी कोरी पाटी घेऊनच उठते. मग एक छोटा प्रोग्राम त्या फायली नावांच्या अक्षरक्रमाने वाचतो आणि त्यांतील मूल्ये कर्नेलला सांगतो; एकाच मूल्याचे दोन आकडे आढळले तर नंतर वाचलेला खरा ठरतो. टिकणे म्हणजे येथे पुन्हा पुन्हा वाचले जाणे.

२०२५ साली आलेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत, यंत्र सुरू होताना '/इटीसी/सिस्‌सीटीएल.कॉन्फ' ही जुनी परिचित फाइल वाचणे बंद झाले. फाइल जागेवर असेल, अक्षर न् अक्षर शाबूत असेल. फक्त तिचा वाचक निघून गेला आहे. त्यातील ओळी नव्या फोल्डरात हलवल्या तरच त्यांना अर्थ उरतो.

मराठवाड्यातील माणसाला हे अपरिचित वाटू नये. जालना १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होते आणि कारभाराची भाषा उर्दू होती. आमच्या पेटीतही पणजोबांच्या काळचे जमिनीचे उर्दू कागद आहेत. घरातील कोणालाही ते वाचता येत नाहीत. २०२३मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरे तपासायला घेतली, तेव्हा उर्दू आणि मोडी जाणणाऱ्यांची गरज भासली. कोणाला कोणते प्रमाणपत्र मिळणार, हे कपाटातील कागदाइतकेच तो वाचू शकणाऱ्या माणसावर अवलंबून होते.

'जतन' हा शब्द आपण कपाटाशी, फार तर स्कॅनरशी जोडतो. साहित्याच्या विद्यार्थ्याने तो वाचकाशी जोडावा. मोडी किंवा उर्दू शिकणारा एक विद्यार्थी घडणे, हेही दप्तर वाचवणेच आहे.