न दुखणारी सूज

दादाला शुगर निघाली त्याला वीस वर्षं झाली. आमच्याकडं शुगर म्हणजे चहात साखर नको, एवढाच आजार समजतात. मग पाय सुजायला लागले. रानातल्या उभं राहण्यानं असेल म्हणून वहिनी रात्री मिठाच्या कोमट पाण्याची बादली पुढं ठेवायची. सांगलीच्या डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासली आणि म्हणाले, "किडनी निम्म्याच्या वर गेलीय."

दादा म्हणाला, "पण मला दुखत तर कुठंच नाही."

हे न दुखणंच वाईट. डॉक्टर माणूस बोलका, त्यांनी समजावलं. एका किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या, आणि प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. रक्तवाहिनीला आतून पातळ अस्तर असतं. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की ते अस्तर बिघडतं, सूज धरतं, आणि प्रथिनं लघवीत झिरपायला लागतात. पुढं किडनी कमी पडली की लघवीवाटे जाणारी घाण रक्तातच फिरते आणि त्याच अस्तराला पुन्हा डिवचते. सुजेवर सूज.

मी म्हणालो, "म्हणजे आमच्या ठिबकला क्षार धरतात तसं."

डॉक्टर हसले. "तुमची नळी अ‍ॅसिड सोडलं की मोकळी होते. ही जिवंत आहे, सुजत सुजत कडक होते. आणि ती काय एकट्या किडनीत नाही. डोळ्यात आहे, पायात आहे, काळजात आहे. डायलिसिसपर्यंत पोचायच्या आधीच कित्येक पेशंट हृदयानं जातात."

हे दादाला आवडलं नाही. पाय दाखवायला आलो आणि हे काळजाचं काय काढतायत, असं बाहेर आल्यावर पुटपुटला. पण मीठ कमी केलं, रक्तदाबाची गोळी सुरू केली. अंगदुखीच्या गोळ्या डॉक्टरांनी साफ बंद केल्या. फवारणीच्या दिवसांत आमच्याकडं त्या शेंगदाण्यासारख्या खातात, आणि सुजलेल्या किडनीला त्याच मारक.

शुगर मलाही आहे, नऊ वर्षं. दोघं एकाच एसटीनं तपासायला जातो. दादाचं क्रिएटिनिन वर्षभर २.४ च्या आसपास थांबलंय. माझं ठीक आहे, पण क्रिएटिनिन उशिरा बोलतं; लघवीतलं अल्ब्युमिन आधी सांगतं. ते या खेपेला माझ्यात थोडं निघालं.

दादानं रिपोर्ट हातात घेतला, चष्मा नसताना वाचल्यासारखं केलं. तासगाव येईपर्यंत बोलला नाही. उतरताना म्हणाला, "घरात अंगदुखीच्या गोळ्या असतील तेवढ्या आज रात्री माझ्याकडं आणून दे."