कुत्रा, कॉलेज आणि बारा वर्षं

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी घरात कुत्रा पाळायचा विषय काढला. पहिली हरकत अपेक्षित होती. आम्ही कोकणी मुसलमान, मजहब शाफई. कुत्र्याने तोंड लावलेलं भांडं सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीने. अम्मी म्हणाली, "कोपरखैरण्याच्या वन रूम किचनमध्ये मी नमाजची जागा सांभाळू की त्याला?"

मी किताबं उघडली. शिकार, गुरं किंवा शेती यांपैकी कशासाठी नसताना कुत्रा पाळला तर सवाब रोज घटतो, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. पण तहानेने व्याकूळ झालेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून चामडी मोज्यात पाणी भरून आणणाऱ्याला अल्लाहने माफ केलं, ही हदीसही त्याच दोन्हींत आहे. सूरह कहफमधल्या गुहेच्या उंबऱ्याशी कुत्रा पाय पसरून बसला आहे. मालिकी मजहब तर जिवंत कुत्र्याला नापाक मानतच नाही. आपल्याकडचं बोलणं मात्र बहुतेक वेळा पहिल्या हदीसपाशीच थांबतं.

हे सगळं मी अब्बांपुढे मांडलं. त्यांनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "तू सकाळी सातला निघतेस, चारला येतेस. तोवर त्याला बाहेर कोण नेणार?"

मी वहीत हिशेब मांडला. डिग्री 3 वर्षांची, कुत्र्याचं आयुष्य 10-12 वर्षांचं. पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झालं की लसी सुरू, तिसऱ्या महिन्यात रेबीजची, मग बूस्टर. पालिकेचा परवाना. एम.एस्सी.ला पुण्यात प्रवेश मिळाला तर हॉस्टेलवर त्याला नेता येणार नाही. म्हणजे जिने आधीच नको म्हटलंय, त्या अम्मीच्याच गळ्यात तो पडणार.

मग आणखी एक हदीस आठवली. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची. तिचा गुन्हा मांजर पाळण्याचा नव्हता. खायला दिलं नाही आणि स्वतःचं शोधून खायलाही सोडलं नाही, हा होता.

मी कुत्रा घेतला नाही. कमावती झाल्यावर, माझ्या घरात, हा प्रश्न पुन्हा काढीन. तोवर आमच्या बिल्डिंगखालच्या भुऱ्या कुत्रीसाठी पाण्याचं घमेलं रोज भरते. तिच्या कानाचा तुकडा कापलेला आहे, म्हणजे नसबंदी आणि रेबीजची लस झालेली. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे अशा कुत्र्याला जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं. ती इथलीच रहिवासी आहे. अम्मीही उरलेली भाकरी माझ्या हाती देते, आणि वर आल्यावर आधी हात धुवायला लावते.

तुमच्या घरीही हाच वाद चालू असेल, तर पाक-नापाकचं आलिमांना जरूर विचारा. पण त्याआधी घरातल्यांना विचारा, की दुपारी बारा वाजता त्या जिवाजवळ कोण असेल?