मांजराच्या कपाळावरचं नाणं

भाच्यानं पोकेमॉनच्या पत्त्यांचा डबा सतरंजीवर पालथा केला नि त्यातला एक पत्ता बोटानं माझ्याकडे सरकवला. "मामा, हे मांजर घे तू. हल्ला केलास की नाणं उडवायचं. छापा आला तर एक पत्ता जास्त."

पिवळ्या चौकटीत दोन पायांवर उभं राहिलेलं मांजर. मिशा ताठ, शेपटीचं टोक वळलेलं आणि कपाळावर लंबगोल सोनेरी नाणं. इंग्रजी पत्त्यावर नाव म्याऊथ; हल्ल्याचं नाव 'पे डे', म्हणजे पगाराचा दिवस. मांजराला कसला आलाय पगार?

उत्तर जपानीत सापडतं. तिकडे हे मांजर न्यासू, कारण जपानी मांजरं 'न्या' करतात. हल्ल्याचं नाव 'नेको नि कोबान', मांजरापुढे मोहोर. कोबान हे एदो काळातलं सोन्याचं नाणं, आणि ही तिथली जुनी म्हण आहे. आपल्याकडे हे काम गाढवाकडे असतं. गुळाची चव काय, हे त्याला शतकानुशतकं विचारलं जातंय आणि बिचारं उत्तर देत नाही. न्यासूनं मात्र उत्तर दिलंय. ज्या मोहरेवरून टोमणा खाल्ला, तीच कपाळावर मिरवत, तिच्याच जिवावर लढतो!

पोकेमॉनचे पहिले खेळ जपानात १९९६च्या फेब्रुवारीत आले, पत्ते त्याच वर्षी ऑक्टोबरात. तेव्हापासून या प्राण्यांचं बारसं करणाऱ्यांचा मला हेवा वाटत आलाय. 'पिका' म्हणजे लख्खकन चमकणं, 'च्यू' म्हणजे उंदराचं चूंचूं, झाला पिकाच्यू. मराठीत 'लखचूं' म्हणता आलं असतं, पण कुणी म्हटलं नाही. पाठीवर कंद घेऊन हिंडणाऱ्याचं नाव फुशिगीदाने. फुशिगी म्हणजे नवल, ताने म्हणजे बी. जोडताना 'त'चा 'द' होतो. आणि हेच नाव जरा सुट्टं करून म्हटलं, तर अर्थ होतो, 'नवलच नाही का!' मी 'नवलबी' करून पाहिलं. आमच्या गावाकडच्या कानाला ते 'नवलसुद्धा' असं ऐकू येतं. श्लेष झाला, पण भलताच.

माझं सगळ्यात लाडकं बदक म्हणजे कामोनेगी. कामो म्हणजे बदक, नेगी म्हणजे आपल्या पातीच्या कांद्याचा उंच, जाडजूड जपानी भाऊ. बदकाच्या रश्शात नेगी हवीच. म्हणून म्हण पडली : बदक आलं, तेही पाठीवर नेगी घेऊन. सावज आपल्या पायांनी चालत आलं, वर मसालाही घेऊन आलं. 'कामो'चा दुसरा अर्थच मुळी सहज फसणारा भोळसट. पत्त्यावरच्या बदकानं मात्र ती पात तलवारीसारखी धरलीय. २०१९च्या खेळांत त्याच्या एका जातभाईला बढती मिळाली नि तो पांढराशुभ्र सरदार झाला, नेगीगानाइतो. शेवटचा 'नाइतो' म्हणजे इंग्रजी नाइट. पण 'नेगी गा नाइ तो' असं तोडलं, तर 'नेगी नसेल तर...' असं अर्धवट वाक्य उरतं. पातीवाचून हा सरदार कोण? पुन्हा रश्शातलं बदकच की!

नामाझुन या मिशाळ माशाची गंमत जरा गंभीर आहे. जमिनीखालचा नामाझू, म्हणजे मोठा मागूर मासा, वळवळला की धरणी हलते, असं जपानी लोक मानत. आपल्याकडे तो भार शेषाच्या फण्यावर. १८५५च्या एदोच्या भूकंपानंतर या माशाची चित्रं धडाधड छापली गेली. काहींत लोक त्याला बडवतात, तर काहींत सुतार-गवंडी त्याचे आभार मानतात, कारण पडलेली घरं पुन्हा बांधायची, म्हणजे कामच काम. पत्त्यावर हा गोल पोटाचा मासा इतका निवांत पसरलेला असतो की या इतिहासाची शंकाही येऊ नये.

आणि सोनानो हे निळं पोर. नावाचा अर्थ, 'असं होय?' मोठं झालं की तेच सोनान्सू होतं, 'अस्संच आहे!' पोरानं विचारायचं, मोठ्यानं मान डोलवायची. या घरात सध्या उलटं चाललंय.

"मामा, उडव ना!"

रुपया उडवला. सतरंजीवर पडून गोल फिरत राहिला, पंख्याखाली चमकला, 'पिका' असाच काहीसा. मग आडवा झाला. काटा.

"गेला तुझा पगार," भाचा म्हणाला.